टॅक्सीवाल्या दादांस, बाळाच्या सीटबद्दल

दादा, सप्रेम नमस्कार.

मुलगी आता वर्षाची झाली. तिचं डोकं कार सीटच्या वरच्या कडेपर्यंत आलंय, म्हणजे तुम्ही सांगितलं होतं त्याप्रमाणे ही सीट बदलायची वेळ झाली. तुम्हाला लिहायचं ते वर्षभर सीट वापरून झाल्यावर, हे मी सीट घेतली तेव्हाच ठरवलं होतं. सीट कशी निवडायची, गाडीत कशी बसवायची, हे तुम्ही शिकवलेलं सगळं रोजच्या वापरातलं होतं, त्यामुळे ते किती कामाचं होतं हे वापरल्यावरच नीट सांगता येतं.

तुम्ही एक पैसाही घेतला नाहीत. चहा तेवढा घेतलात, तोही उभ्याउभ्या, कारण मोपा विमानतळावर गिऱ्हाईक उतरणार होतं. जाताना म्हणालात, "बाय, माझे आभार राहू देत, चार घरांत सांग." म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

जे तुम्हाला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. दादा माझ्या माहेरचे शेजारी, पेडणे तालुक्यातले. मोरजी-हरमलला उतरणाऱ्या पर्यटकांना विमानतळावरून आणायचं आणि परत सोडायचं, हा त्यांचा कैक वर्षांचा धंदा. तान्ही मुलं घेऊन येणारी ब्रिटिश, रशियन कुटुंबं गाडीत बसण्याआधी विचारायची, बेबी सीट आहे का? एकदा एका ब्रिटिश बाईने स्वतःबरोबर आणलेली सीट दादांच्या गाडीत बसवली आणि पट्टा कुठून कसा न्यायचा ते त्यांना समजावून सांगितलं. दादांनी ते काम तेव्हापासून मनावर घेतलं. स्वतःच्या पैशांनी सीट घेतली, माहितीपत्रक मुलाकडून वाचून घेतलं, आणि आज कुठल्याही गाडीत कुठलीही सीट कशी बसते किंवा का बसत नाही, हे ते हात लावून सांगतात.

आम्ही आधी फोनवर आणि मग पणजीच्या दुकानांत शोधत होतो. चार-पाच हजारांपासून तीस-पस्तीस हजारांपर्यंत वाटेल त्या किमतीच्या सीटा. दुकानात रंग दाखवले, गादी किती मऊ ते दाखवलं, स्ट्रोलर, म्हणजे बाबागाडी, आणि सीट जोडीने घेतली तर सवलत किती तेही सांगितलं. आमची गाडी कोणती, हे कोणीच विचारलं नाही. तुम्ही पहिला प्रश्न तोच विचारलात.

आणि मग आमच्या अंगणात येऊन तुम्ही मागचं दार उघडलंत, गुडघ्यांवर बसलात आणि सीटच्या बैठकीची आणि पाठीची जिथे सांध पडते तिथे दोन्ही हातांची बोटं खोल घातलीत. आयसोफिक्सच्या, म्हणजे बाळाची सीट थेट गाडीला अडकवायच्या, लोखंडी कड्या तिथे असतात, नव्या गाड्यांत सापडतात, आमच्या जुन्या हॅचबॅकमध्ये नव्हत्या. मग पट्टा शेवटपर्यंत ओढून वितीने मोजलात. मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा आहे, तिथे ही सीट बसणार नाही, बाजूला खांद्यावरून येणारा तिहेरी पट्टा आहे तिथेच बसवायची, हे तुम्ही पाच मिनिटांत ठरवलंत. "दुकानदार गाडीत लावून बघायला देत नसेल तर उठून या," एवढं सांगून थांबला नाहीत, आमच्याबरोबर दुकानातही आलात. सगळ्यांत महाग सीट आमच्या गाडीत बसलीच नाही. पट्टा तिला वळसा घालून खटक्यापर्यंत पोचेना. जी बसली ती मधल्या किमतीची. तुम्ही नसता तर आम्ही ती महागडी उचलून आणली असती आणि पट्टा कसाबसा ताणून लावला असता, यात मला शंका नाही.

लेबल कसं वाचायचं हे तुमच्याकडून शिकलेलं मी आता भेटेल त्या गरोदर मुलीला सांगते. सीटवर चिकटवलेल्या पट्टीवर गोलात ई हे इंग्रजी अक्षर आणि शेजारी आकडा असतो. तो आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा, १ असेल तर जर्मनी, ४ असेल तर नेदरलँड्स. त्याच पट्टीवर आर ४४/०४ किंवा आर १२९ लिहिलेलं असतं, हे मुलांच्या सीटसाठीचे संयुक्त राष्ट्रांचे सुरक्षेचे नियम. पहिला नियम जुना, तो वजनावर चालतो, तान्ह्या बाळांच्या गटाची हद्द १३ किलो. दुसरा नवा, त्यात उंची बघतात, बाजूने धडक बसली तर काय होईल याचीही चाचणी घेतात, आणि बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करूनच बसवायचं असं बंधन आहे. आपल्याकडचं मानक एआयएस ०७२. यातलं काहीच छापलेलं नसेल तर ती सीट दिसायला कितीही छान असो, हातात घ्यायची नाही.

तोंड मागे का, हे तुम्ही माझ्या सासऱ्यांना जसं समजावलंत तसं मला कधीच जमलं नसतं. त्यांना नात पुढच्या सीटवर, आपल्या शेजारी, समोर बघताना हवी होती. तुम्ही त्यांच्याशी अदबीने बोललात. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, उंचीच्या जवळजवळ चौथा हिस्सा, आणि मान अजून धरलेली नाही. गाडी अचानक थांबली की तोंड पुढे असलेल्या बाळाचं अंग पट्ट्याने धरलं जातं आणि डोकं पुढे फेकलं जातं, सगळा हिसका मानेवर. तोंड मागे असेल तर डोकं, मान, पाठ एकदमच सीटच्या पाठीवर रेलतात. आणि पुढे एअरबॅग आहे, ती उघडली तर थेट बाळाच्या सीटच्या पाठीवर आदळेल, तिथे मागे तोंड केलेली सीट कधीच लावायची नाही. सासऱ्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

आईची अडचण वेगळी होती. "आईच्या मांडीसारखी जागा नाही," असं ती म्हणत होती, आणि घरोघरी हेच म्हणतात. तुम्ही तिला हिशेब करून दाखवलात. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, तर साडेतीन किलोचं बाळ त्या क्षणी हातांना चाळीस किलोच्या तांदळाच्या पोत्याएवढं ओढतं. "मावशी, पोतं उचलता येईल तुम्हाला?" आई काही बोलली नाही, पण नंतर तिनेच मला विचारलं की खटका कसा लावतात.

आजीचं म्हणणं, बाळ जन्मायच्या आधी काही घेऊ नये. आमच्याकडे हे कसोशीने पाळतात आणि मला तिचं मन मोडायचं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "आजी, ही बाळाची वस्तू नव्हे. हे गाडीचं सामान, गाडीला लावून ठेवायचं." आजीने ते मान्य केलं. झबली-टोपरी बारशापर्यंत आली नाहीत, सीट मात्र नवव्या महिन्यात गाडीत होती. इस्पितळातून घरी येतानाचा प्रवास हाच पहिला, त्यामुळे हे आधी होणं किती गरजेचं होतं ते आई झाल्यावर कळतं.

सगळ्यांत जास्त आभार मला त्या बाहुलीबद्दल मानायचे आहेत. तुम्ही तुमच्या नातीची बाहुली घेऊन आलात आणि आईला म्हणालात, बाळाला गुंडाळता तसं हिला गुंडाळा. आईने सुती दुपट्यात तिला अशी घट्ट बांधली की नुसतं तोंड दिसत होतं. मग तुम्ही ती सीटमध्ये ठेवलीत आणि आईला पट्टे लावायला सांगितलंत. पायांमधून वर येणारा पट्टा वर येणार कुठून? पाय तर बांधलेले. खांद्यांवरचे पट्टे दुपट्याच्या घड्यांवरून गेले, खटका लागलासा वाटला, आणि तुम्ही बाहुलीला नुसतं धरून ओढलंत तर ती दुपट्यातून सुटून हातात आली. आईने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर आमच्याकडे नियम एकच: झबलं आणि लंगोट, पाय मोकळे, आधी पट्टे, आणि थंडी वाटली तर दुपटं वरून. पट्टा खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून यायला हवा, आणि खांद्यापाशी चिमटीत धरून बघायचा, घडी पडली तर तो ढिला आहे. ही चिमूट आता आमच्या घरात सगळ्यांच्या बोटांत बसलीय, अगदी सासऱ्यांच्यासुद्धा.

सीट गाडीत बसवल्यावर पट्टा जातो तिथे धरून हलवायची, इंचभरापेक्षा जास्त सरकता कामा नये. आमच्या गाडीची बैठक मागे उतरती, त्यामुळे सीट फार उभी राहत होती. उभ्या सीटमध्ये तान्ह्याची हनुवटी छातीवर पडते आणि श्वास कोंडू शकतो. साधारण ४५ अंशांचा कल यावा म्हणून तुम्ही टॉवेलची गुंडाळी गाडीच्या सीटच्या सांधीत घातलीत, तीही माहितीपत्रकात चालतं असं वाचून घेतल्यावरच.

बारसं झाल्यावर काही आठवड्यांनी आम्ही पेडण्याहून फोंड्याला सासरी निघालो. तान्ह्याला सीटमध्ये सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका, असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून थांबत थांबत गेलो. पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामापाशी पुढचा ट्रक एकदम थांबला आणि नवऱ्याने करकचून ब्रेक मारला. माझ्या शेजारची पिशवी घसरून खाली पडली, डब्याचं फिरकीचं झाकण उघडलं. मुलगी जागची हलली नाही. मी तिच्या खांद्यापाशी चिमूट घेऊन पाहिली आणि मला तुमची फार आठवण झाली.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९४ब कलम आलं, त्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा योग्य सीट नसेल तर १००० रुपये दंड आहे. हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. मला वाटतं, बाळंतपणानंतर घरी सोडताना टाक्याची, लसीची माहिती देतात तशी घरी कसं नेणार हेही प्रत्येक इस्पितळात विचारायला हवं.

आपल्या हवेबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं. गाडी उन्हात राहिली की खटक्याची धातूची जीभ चटका देण्याइतकी तापते, म्हणून सीटवर पांढरा पंचा टाकून ठेवायचा आणि बाळाला बसवण्याआधी हाताच्या मागच्या बाजूने चाचपायचं. पावसात खोळीला बुरशी धरते, ती काढून धुवायची, सावलीत वाळवायची. पट्टे मात्र साबणात भिजवायचे नाहीत, इस्त्री तर अजिबात नाही, ओल्या फडक्याने पुसायचे, कारण धागा कमजोर झालेला डोळ्यांना दिसत नाही.

स्ट्रोलरची घाई करू नका म्हणालात, तेही बरोबर निघालं. पहिले दोन-तीन महिने तिला कडेवर आणि पाळण्यातच बरं वाटत होतं. घेतला तेव्हा तुमच्या अटी लक्षात होत्या: बाळ स्वतः बसायला लागेपर्यंत पाठ पूर्ण आडवी झाली पाहिजे, त्यामुळे छत्रीसारखे मिटणारे हलके प्रकार बाद. चाकं मोठी आणि रबराची हवीत. प्लॅस्टिकच्या छोट्या चाकांचे स्ट्रोलर हरमलच्या वाळूत रुतल्यावर बाप कसे खांद्यावर घेऊन येतात, हे तुम्ही इतक्या वेळा पाहिलेलं. माहेरच्या चिऱ्यांच्या अंगणात आणि फोंड्याच्या रस्त्यांवर ती चाकं बरोबर चालतात. स्वतः मिटून, उचलून, गाडीच्या डिकीत ठेवून बघायचा, कारण लिफ्ट नसलेल्या इमारतीत तो रोज मीच वर नेणार. दांड्याला बाजाराची पिशवी अडकवायची नाही, बाळ उचललं की मागे कलंडतो. ऊन लागतं म्हणून वरून ओढणी टाकायची नाही, आत हवा कोंडून गरम होते. डासांसाठी जाळी चालते. मिरामार-कांपालच्या फुटपाथवर तो सुरेख चालतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मात्र काही उपयोग नाही, तिथे मी तिला अंगाला बांधूनच नेते.

दादा, तुमच्या पुतणीला सातवा महिना लागलाय असं आई म्हणाली. आमची सीट तिला द्यावी असं आम्हा दोघांना वाटतं. वापरलेली सीट अनोळखी माणसाकडून घेऊ नये, तिला धडक बसली होती की नाही ते कळत नाही, हे तुम्हीच सांगितलेलं. हिला कधी धडक बसलेली नाही, माहितीपत्रक आणि आतली नवजात बाळाची गादी जपून ठेवली आहे, आणि मुदतीची तारीख खाली छापलेली आहे, तिला अजून पुष्कळ अवकाश आहे. आम्ही मुलीसाठी पुढच्या मापाची घेतोय, तीही मागे तोंड करायचीच. पुतणीच्या घरी गाडी कोणती आहे तेवढं कळवा, म्हणजे सीट घेऊन येतो आणि तिथेच लावून बघू.

तुमची,
शेजारची धाकटी बहीण
फोंडा, गोवा