किडा काऊन मेला नाही? हत्तीरोगाच्या औषधासाठी केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

मी पूर्व विदर्भात हत्तीरोगाचे रक्तनमुने तपासणारा प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. आमचं काम रात्रीचं. हा रोग करणाऱ्या कृमीची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडतात आणि रात्री डास चावण्याच्या वेळेला बोटाच्या रक्तात येतात. म्हणून गावाची जेवणं उरकली की आम्ही दारात उभे. सुई टोचायची, काचपट्टीवर रक्ताचा जाड थर ओढायचा. रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की वळसे घेतलेला बारीक दोऱ्यासारखा जीव दिसतो.

ज्यांची पट्टी पुन्हा दूषित आली, अशा एका मावशींनी मला विचारलं, "गोळ्या तं खाल्ल्या जी, मंग किडा काऊन मेला नाही?"

खरं उत्तर असं, की गोळ्यांनी पिल्लं मेली, आई उरली. लसिकावाहिन्यांत, म्हणजे शरीरातला द्रव रक्तात परत नेणाऱ्या बारीक नळ्यांत, ठाण मांडलेली प्रौढ मादी काही वर्षं जगते आणि पिल्लं सोडत राहते. डीईसी हे हत्तीरोगाचं औषध १९४७ पासून वापरात आहे. अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन तर आधी जनावरांसाठी आली. तिन्ही एकत्र दिली की पिल्लं जास्त काळ दबून राहतात, हे खरं आहे, आणि सगळ्या गावाला या गोळ्या खाऊ घालण्याच्या मोहिमेसाठी आशाताईंनी घरोघर घेतलेले कष्ट मी जवळून पाहिले आहेत. पण प्रौढ कृमीला थोड्या दिवसांत खात्रीनं संपवणारं औषध आजही आमच्या हाती नाही.

घाव कुठे घालायचा, याचा एक धागा मात्र सापडलेला आहे. या कृमीच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात. त्यांच्यावाचून मादीला पिल्लं होत नाहीत, पुढे ती स्वतःही मरते. २००७ मध्ये ब्रुगिया मलायी या जवळच्या कृमीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. हीम हा जीवनावश्यक रेणू घडवणारी पूर्ण साखळी कृमीकडे नाही, जिवाणूकडे आहे, हे त्यातून पुढे आलं. डॉक्सिसायक्लिन या जिवाणूंना मारतं, पण चार ते सहा आठवडे रोज घ्यावं लागतं. लहान मुलांना आणि गरोदर बायांना ते देता येत नाही. धानाच्या रोवणीत असलेल्या माणसाकडून सहा आठवडे रोजची गोळी कशी पाळून घ्यायची? सात दिवसांत तेच काम करणारं औषध हवं, आणि त्यासाठी जिवाणूतली किंवा कृमीतली नवी लक्ष्यं, म्हणजे औषधानं घाव घालायच्या जागा, शोधायला हवीत.

आपल्याकडे लखनौची केंद्रीय औषध संशोधन संस्था आहे, पुदुच्चेरीचं कीटकजन्य रोगांचं केंद्र आहे. अडचण अशी, की भारतात बहुतेक रुग्णांत सापडणारा वुचेरेरिया हा कृमी प्रयोगशाळेतल्या उंदरांत टिकत नाही, म्हणून बहुतेक चाचण्या ब्रुगियावर होतात. वुचेरेरियाची पिल्लं मात्र आमच्या पट्ट्यांवर असतात. रुग्णाची संमती घेऊन हे नमुने संशोधकांपर्यंत रीतसर पोचवण्याची सोय आपण करावी. शिवाय आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत, या कामाला निदान दहा वर्षांचा सलग निधी द्यावा. रुग्ण गरीब, त्यामुळे कंपन्यांना यात नफा नाही. लक्ष्य सापडल्यावरही पुढचं रसायनशास्त्राचं काम सरकारलाच पेलावं लागेल.

निर्मूलनासाठी २०१५ ठरलं होतं, मग २०१७, आता २०२७. रोग संपतच आला तर नवं औषध कशाला, असं आपले अधिकारी म्हणतील. पण गावात दोनच रुग्ण उरले की सगळ्या गावाला गोळ्या कोणत्या तोंडानं खाऊ घालणार? तेव्हा त्या दोघांचाच कृमी मारावा लागेल.

आपला नम्र,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, पूर्व विदर्भ