चढणाऱ्या गाडीला आधी वाट

कोर्तिना, इटली
सप्टेंबर

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

रोज फोन होतोच, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून. "जेवलात का, थंडी किती आहे, सलीलची पाठ कशी आहे" एवढं झालं की फोन बाबांच्या हातात, आणि बाबा "छान, छान, मजा करा" म्हणून ठेवून देतात. बाबा, तुमचं हे "छान, छान" मी लहानपणापासून ओळखते. गणिताचे मार्क बघून प्रगतिपुस्तकावर सही करताना हाच आवाज यायचा.

तेव्हा एकदा सगळं नीट लिहिते. या वेळी तुम्हाला न्यायचं नाही हे मी ठरवलं, सलीलने नाही. तो शेवटपर्यंत म्हणत होता, चौघं जाऊ, मोठी गाडी घेऊ. डॉक्टरांनीही हरकत नाही म्हटलं होतं, मला माहीत आहे. पण त्यांनी प्रवासाला हरकत नाही म्हटलं होतं. बाबांच्या मनातला प्रवास म्हणजे पाठीला सॅक लावून अडीच हजार मीटरवर डोंगराला वळसा घालणं, हे त्यांना कुणी सांगितलं होतं का? स्टेंट बसवून अजून वर्षसुद्धा झालेलं नाही. आईच्या गुडघ्याचं तर बोलायलाच नको. आणि काकूच्या वेळी जे झालं ते पुन्हा परक्या देशात, परक्या भाषेत निभावायची माझी ताकद नाही. झालं. लिहून टाकलं. आता त्यावर "आम्ही कुठे काही म्हणालो?" असं म्हणू नका.

गाडीचं सांगते, कारण बाबांना खरी उत्सुकता त्याचीच आहे. गाडी व्हेनिसला घेतली. फियाट! छोटी पांडा. आपल्या निळ्या फियाटच्या माहेरी यायचं आणि दुसरीच कुठली गाडी घ्यायची, हे बरं दिसलं नसतं. स्टिअरिंग डाव्या हाताला आणि गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने. व्हेनिस सोडेपर्यंत सलील शेजारी बसून "उजवीकडे, उजवीकडे" असा जप करत होता. तुम्ही आरटीओत जाऊन काढायला लावलेला आंतरराष्ट्रीय परवाना कामाला आला. काउंटरवरच्या मुलीने आपल्या लायसन्सबरोबर तो मागितलाच. गावाबाहेर भरदिवसाही दिवे लावून चालवायचं असा इथला नियम आहे. गाडीत चकचकीत पट्ट्यांचं जाकीट ठेवतो, रस्त्यात उतरावं लागलं तर ते घालूनच उतरायचं. शहरांच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना मज्जाव असतो, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड मागाहून घरी येतो. म्हणून आम्ही गाडी बाहेरच लावतो आणि सरळ पायी जातो.

आणि घाट! बोल्झानो ते कोर्तिना हा डोलोमाइट्सचा, म्हणजे आल्प्समधल्या या डोंगररांगेतला, मोठा रस्ता 1909 साली पुरा झाला. त्याच रस्त्यावर पोर्दोई खिंड आहे, 2,239 मीटर उंचीवर. अराब्बा गावाकडून चढताना 33 वळणं लागतात आणि प्रत्येक वळणावर त्याच्या नंबराची पाटी. आई, तुला चौथ्या पाटीलाच लिंबू हुंगायला लागलं असतं, हे तूच कबूल करशील. मी दुसऱ्या गिअरवर हळूहळू चढत होते आणि मागून मोटारसायकलवाले, पुढून सायकलवाले. माझ्या वयाच्या दुप्पट वयाचा माणूस अंगाला घट्ट कपडे घालून तो घाट सायकलवर चढतो, आणि खिंडीत फाउस्तो कोप्पी या सायकलपटूचं स्मारक आहे तिथे उभा राहून फोटो काढतो. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसले नाही. गिअर उतरवला, इंजिनालाच गाडी धरू दिली, अगदी तुम्ही शिकवलंत तसं. एका अरुंद रस्त्यावर समोरून उतरणारी गाडी आमच्यासाठी कडेला घेऊन थांबली. चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हा तुमचा नियम इथल्या कायद्यातही आहे, बाबा. मी तुमच्यासारखी दोन बोटं वर करून आभार मानले. सलीलला कळेना मी एकदम का हसले.

आता चालण्याचं. इथेच माझी थोडी पंचाईत आहे.

त्रे चिमे म्हणून तीन सुळके आहेत, शेजारी शेजारी उभे. मधला सर्वांत उंच, 2,999 मीटर. एका मीटरसाठी तीन हजार हुकले! बाबांनी तिथे एखादा मोठा दगड ठेवून हिशेब पुरा केला असता. मिसुरिनाच्या तळ्यापासून टोलचा रस्ता थेट 2,300 मीटरच्या वर, औरोंझो नावाच्या डोंगरातल्या निवाऱ्यापर्यंत जातो. गाडीची जागा मात्र आधी ऑनलाइन राखून ठेवावी लागते. तिथून लावारेदोच्या निवाऱ्यापर्यंतची वाट इतकी रुंद आणि सपाट आहे की लोक बाबागाडीत लेकरं घेऊन चालतात. अर्ध्या तासाचं काम. त्या वाटेवर आमच्या पुढे एक आजी-आजोबा होते, तुमच्यापेक्षा नक्की मोठे. आजोबांच्या दोन्ही हातांत काठ्या, आजी दहा पावलं पुढे, आणि सारखी मागे वळून काहीतरी रागावत होती. लावारेदोला ते आमच्या शेजारच्या बाकावर बसले आणि सूप मागवलं. सलील म्हणाला, हे पत्रात लिहू नकोस. पण बाबांना हे आज ना उद्या कुठल्या तरी व्हिडिओत दिसणारच, त्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

मी त्या बाकावर बसून मनातल्या मनात तुमच्याशी भांडायला सुरुवात केली होती. ते आजोबा जन्मभर डोंगरात चालत आलेत, बाबा. तुम्ही दवाखान्यातून आल्यापासून आरामखुर्ची आणि गॅलरी यांच्यात फिरताय. रागावू नका, काळजीने म्हणते. तेवढ्या सपाट तुकड्यावर तुम्ही दोघं आरामात चालला असतात. पण तेवढ्यावर तुम्ही थांबला असतात का? लावारेदोपासून एक खिंड दिसते, 2,454 मीटरवर, वाट घसाऱ्याची आणि चढाची. ती दिसली की तुम्ही म्हणाला असतात, "जरा तिथवर जाऊन डोकावून येतो, तुम्ही बसा." देवळाच्या पायऱ्यांच्या वेळी "मी अर्ध्यावर थांबतो" म्हणालात आणि आम्ही खाली चपला सांभाळत असताना वरून घंटा ऐकू आली, ते आई अजून विसरलेली नाही. मीही नाही.

खिंड ओलांडली की सुळक्यांची उत्तरेची भिंत समोर येते, सरळसोट, खाली कातळाचा ढिगारा. एमिलिओ कोमिची आणि दिमाई बंधू 1933 मध्ये मधल्या सुळक्याच्या त्या भिंतीवरून वर गेले. मी तर खालून बघतानाच सलीलचा दंड धरला. पहिल्या महायुद्धात, 1915 ते 1917, इथेच इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरीची आघाडी होती. शेजारच्या पातेर्नो डोंगराला आरपार भुयारं पाडली आहेत. त्या काळात सैनिकांसाठी अशा कड्यांवर शिड्या आणि तारा बसवल्या, तशाच वाटांवर आज लोक हौसेने चढतात. आम्ही त्यांतल्या एकाही वाटेला गेलेलो नाही आणि जाणार नाही. आई, ऐकलंस ना? आम्ही 101 नंबरच्या वाटेने गेलो आणि 105 ने परत आलो, दगडादगडावर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले, चुकायची सोयच नाही. पूर्ण फेरी साधारण दहा किलोमीटर.

परतीच्या चढावर सलील ढेपाळला. तेव्हा आई, मी त्याच्यावर तुझी युक्ती वापरली. "त्या झाडापर्यंत चल, मग उचलून घेते" असं म्हणून तू मला किती झाडं चालवलं आहेस! एकदाही उचललं नाहीस, आणि दर वेळी माझा विश्वास बसायचा. इथे एवढ्या उंचीवर झाडंच नाहीत, म्हणून त्या दगडापर्यंत, मग त्या गाईपर्यंत, असं करत त्याला आणला. तुला उचलून न घेता माणसाला हवं तिथे न्यायची जी कला आहे ती मला थोडी तरी आली म्हणायची.

बाबांसाठी एक खास गोष्ट. हे सगळे डोंगर एके काळी समुद्राच्या तळाशी होते. टेथिस समुद्रातली प्रवाळाची बेटं, वीसेक कोटी वर्षांहून जुनी. चुनखडकात मॅग्नेशियम मिसळलेला हा दगड, त्याचा अभ्यास करणाऱ्या दोलोमिय या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव आधी दगडाला मिळालं आणि मग डोंगरांना. साधा चुनखडक असतो तसा यावर पातळ ॲसिड टाकलं की तो भसाभस फेसाळत नाही. तुम्ही वर्गात करून दाखवायचात तो प्रयोग मी इथे लिंबाच्या फोडीवर करून पाहिला. बुडबुडे नाहीत. पण लिंबू खरंच पुरेसं आंबट होतं का, हे तुम्हीच सांगा. संध्याकाळी हा फिकट दगड गुलाबी होतो, मग जांभळट. फोटोत येत नाही, मी पन्नास काढले आणि सगळे पुसले.

एक रात्र डोंगरावरच्या निवाऱ्यात काढली. घाबरू नका, जेवण, गरम पाणी, गाद्या, रजया सगळं होतं. दारातच बूट काढून कपाटात ठेवायचे आणि आत घरातल्या चपला घालायच्या, तेव्हा आई, तुझ्या मनासारखं. आपली चादरीची पिशवी आपण न्यायची, तिच्यात शिरून झोपायचं. रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी भाड्यातच. शाकाहाराची अडचण नाही, फक्त सूप कशात शिजवलं ते विचारावं लागतं. कोर्तिनात कासुन्झियेई म्हणून एक प्रकार मिळतो, पिठाच्या पारीत बीटाचं सारण, वर वितळलेलं लोणी आणि खसखस. हो, बीट. मी खाल्लं. ताटाखाली लपवलं नाही. सगळं.

पावसाळी हवा असली की निघत नाही. इथे दुपारनंतर विजा होतात, म्हणून पहाटे निघून दुपारपर्यंत खाली येतो. फोनला रेंज नसली तरी बॅटरी आहे: मिनिटात सहा वेळा चमकवायची, एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा वेळा. ही आल्प्समधली मदतीची खूण. रेंज असली तर 112. हे फक्त तुमच्या माहितीसाठी, वेळ येणार नाही.

आता माझं ऐका.

बाबा, सकाळची चाल सुरू करा. गॅलरीत नाही, बाहेर. पहिला आठवडा वीस मिनिटं, मग वाढवा, आणि छातीत जरा जरी भरल्यासारखं वाटलं तर थांबा, पुढच्या खांबापर्यंत जायचं नाही. रक्त पातळ राहायची गोळी स्वतःहून बंद करायची नाही, कुणाच्याही मेहुण्याने सांगितलं तरी. आई, डॉक्टरांनी दिलेले गुडघ्याचे व्यायाम टीव्ही बघताना कर, पण कर. दोघांसाठी मी चालायच्या काठ्या घेतल्या आहेत, दुमडणाऱ्या. "म्हाताऱ्यासारखं दिसतं" हे मी ऐकून घेणार नाही; इथे विशीतली मुलंही त्या घेऊनच चालतात.

कारण पुढच्या सप्टेंबरात आपण चौघं येणार आहोत. अट एकच, बाबांची चाळीस मिनिटांची चाल न थांबता व्हायला हवी आणि डॉक्टरांना उंचीसकट सगळं सांगून परवानगी हवी, अर्धवट नाही. आल्पे दि सिउसी म्हणून एक कुरण आहे, युरोपातलं उंचावरचं सर्वांत मोठं, सिउसी गावातून तारेवरच्या पाळण्याने, म्हणजे केबल कारने, वर जाता येतं आणि रुंद वाटा आहेत. दिवसा तिथे बाहेरच्या गाड्या सोडत नाहीत, त्यामुळे आईला धूर नाही. तिथे हवं तितकं हिंडा. त्रे चिमेला आलो तर लावारेदोपर्यंत. त्या खिंडीकडे बघायचंसुद्धा नाही. पोर्दोईचा घाट रद्द, आईसाठी दुसरा रस्ता बघते.

इथे यायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू असावा लागतो आणि काढून दहा वर्षांहून जास्त झालेली नसावीत. विमा निदान 30,000 युरोचा लागतो. बाबांचा स्टेंट त्यात नमूद करूनच काढायचा, लपवून नाही, ते मी बघते. तुम्ही एवढंच करा: हिरव्या फाइलमधून दोघांचे पासपोर्ट काढा आणि मुदतीच्या तारखा मला रविवारी फोनवर वाचून दाखवा. आईचा नाव बदलण्याआधीचा जुना आहे तो नव्हे, निळा नवा. आणि या वेळी फोन आधी बाबांनी घ्यायचा.

तुमची,
मनू