आईच्या डाव्या हातासाठी एक प्रेल्यूड

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आई, पियानोवर सुरुवात कोणत्या रचनेने करावी असं विचारलंस. माझं मत पक्कं आहे: संगीतकार शोपँच्या 24 प्रेल्यूड्सपैकी, म्हणजे छोट्या रचनांपैकी (ओपस, म्हणजे रचनाक्रमांक, 28; 1839), चौथी, ई मायनर या स्वरश्रेणीतली. अवघे 25 बार (तालाचे समान भाग), लय संथ, उजव्या हाताला बहुतेक एकेकच सूर. पेटीमुळे तुझा उजवा हात तयार आहे. डावा मात्र इतकी वर्षं भात्यावरच राहिला, आणि इथे खरं काम त्याचंच आहे.

डाव्या हातात तीन-तीन सुरांच्या कॉर्ड्स (एकदम वाजवायचे सूर), बारमध्ये आठ वेळा. पहिली खालून वर जी-बी-ई, म्हणजे तुझी पांढरी पाच, पांढरी सात आणि वरची पांढरी तीन. पुढे बहुतेक ठिकाणी एखादंच बोट हलतं, तेही लगतच्या खालच्या पट्टीवर. म्हणून आधी ते आठ ठोके विसर. प्रत्येक कॉर्ड एकदाच दाबून धर, पुढे कोणतं बोट हलणार ते ठरव, आणि बाकीची जागची उचलूच नकोस. एका बैठकीत चार बार पुरेत. मनगट दुखलं तर लगेच थांब.

मग ठोके. अंगठा जात्याच जड, त्यामुळे कॉर्डचा वरचा सूर ठळक वाजतो. वजन करंगळीकडे झुकव. पट्टी पूर्ण वर येण्याआधीच पुन्हा दाबलीस तर ठोके मऊ येतील. तुमच्या डिजिटल पियानोवर तसा सूर उमटला नाही, तर थोडी जास्त वर येऊ दे. पेडल (सूर लांबवणारी पायाखालची पट्टी) कॉर्ड बदलताना सोडायचं आणि नवी कॉर्ड वाजल्यावर दाबायचं. आधीच दाबलंस तर जुनी-नवी मिसळून नुसता गोंगाट होतो.

सगळ्यात अवघड आहे उजव्या हातातला लांब सूर, पांढरी सात. पेटीवर भाता चालू असेतो सूर तसाच राहतो, पियानोवर मात्र दाबल्या क्षणापासून विरत जातो. म्हणून पांढरी सात विरून जितकी उरली असेल, तितक्याच हलक्या हाताने पुढची पांढरी एक वाजव. जोरात पडली तर सुरावट तिथेच तुटते. सोळाव्या बारपासून लय पुढे ढकलायची आणि सतराव्यात पूर्ण जोर. तेविसाव्यातली विश्रांती घाईने उरकू नकोस. त्यानंतरच्या तीन कॉर्ड्स अगदी हळू.

बाबा, 1849 मध्ये पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये शोपँच्या अंत्यविधीला हीच प्रेल्यूड ऑर्गनवर वाजवली होती. ऑर्गनचा सूर पेटीसारखाच टिकतो. तेव्हा आईने आधी उजव्या हाताची सुरावट पेटीवर वाजवली तर फरक तुम्हाला लगेच कळेल.

हिच्यानंतर संगीतकार बाखची सी मेजरमधली प्रेल्यूड, त्याच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर’ या संग्रहाच्या 1722 च्या पहिल्या भागातली. तिथे एका बारचे पाचही सूर आधी एकदम दाबून हात बसवायचा. बाबा, स्वरलिपीची प्रत घेताना बार मोजा: 35 हवेत. काही जुन्या आवृत्त्यांत बाविसाव्यानंतर कुणीतरी एक बार घुसडलेला आहे. ती प्रत घेऊ नका.

शोपँची सातवी, ए मेजरमधली, 16 बारचीच असली तरी सध्या नको. बाराव्या बारची कॉर्ड आईच्या हाताला रुंद पडेल. पुढे घ्यालच, तेव्हा ती खालून वर एकेक सूर उलगडत वाजवा.

तुमची,
लेक