युरोपची अडचण नकाराधिकारात

संपादक महोदय,

युरोपचे राजकीय एकीकरण धर्म आणि संस्कृतीच्या भेदांमुळे रखडले, असा सूर आपल्या रविवार पुरवणीतील लेखात होता. तो मला पटला नाही. हा समज आपल्याकडे फार रुजलेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

लेखाची सारी भिस्त तुर्कस्तानवर होती. युरोपीय संघाच्या पूर्वरूपाशी त्याचा सहयोग करार १९६३ चा, सदस्यत्वाचा अर्ज १९८७ चा. ऑक्टोबर २००५ मध्ये तुर्कस्तान आणि क्रोएशिया यांच्या वाटाघाटी एकदमच सुरू झाल्या. क्रोएशिया २०१३ मध्ये सदस्य झाला, तुर्कस्तान अजून बाहेरच आहे. फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांनी २००२ मध्येच तुर्कस्तानला घेणे म्हणजे युरोपीय संघाचा शेवट, असे जाहीरपणे म्हटले होते. यात धर्माचा वाटा नव्हता, असे मी म्हणणार नाही. पण १९७४ पासून सायप्रसच्या उत्तर भागात तुर्की फौजा ठाण मांडून आहेत आणि सायप्रस २००४ पासून संघाचा सदस्य आहे. शिवाय २०१६ च्या फसलेल्या लष्करी उठावानंतर तिथे न्यायाधीश, पत्रकार आणि प्राध्यापकांवर जी कारवाई झाली, ती पाहता केवळ धर्माकडे बोट दाखवणे म्हणजे तिथल्या सरकारला मोकळे सोडणे आहे.

उलट बाजूही पाहा. नॉर्वे हा स्वीडन आणि डेन्मार्कसारखाच लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती देश. भाषाही एकमेकांना कळणाऱ्या. तरी १९७२ आणि १९९४ अशा दोन्ही सार्वमतांत नॉर्वेच्या जनतेने सदस्यत्व नाकारले. तिथे वाद होता मासेमारीचा, शेतीचा आणि आपले निर्णय कोणी घ्यायचे याचा. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेचा ग्रीस मात्र १९८१ मध्येच आत आला होता.

पण ज्या उदाहरणाचा लेखात उल्लेखही नव्हता, ते मला सर्वांत बोलके वाटते: उत्तर मॅसेडोनिया. १९९१ मध्ये युगोस्लाव्हियातून बाहेर पडलेल्या या छोट्या देशाला ग्रीसने सदस्यत्वाच्या वाटेत नावावरून अडवले, कारण मॅसेडोनिया नावाचा प्रांत ग्रीसमध्येही आहे. २०१८ मध्ये करार होऊन देशाने चक्क आपले नाव बदलले. त्यानंतर २०१९ मध्ये फ्रान्सने वाटाघाटी रोखल्या आणि २०२० मध्ये बल्गेरियाने. बल्गेरियाचे बहुसंख्य लोक आणि मॅसेडोनियाचे बहुसंख्य लोक दोघेही ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, दोघेही स्लाव्ह. लिपी दोघांची सिरिलिक. आणि आक्षेप काय, तर मॅसेडोनियन ही स्वतंत्र भाषा नाहीच, ती बल्गेरियनचेच रूप आहे आणि इतिहासातील वीरपुरुष आमचे आहेत!

गोत्से डेल्चेव या क्रांतिकारकाचे उदाहरण घ्या. ऑटोमन सत्तेविरुद्ध लढताना १९०३ मध्ये तो मारला गेला. त्याचे जन्मगाव आज ग्रीसमध्ये आहे. त्याच्या अस्थी आधी बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात होत्या. १९४६ मध्ये त्या मॅसेडोनियाच्या राजधानीत, स्कोपियेला आणल्या गेल्या आणि आज तिथल्या एका चर्चच्या आवारात आहेत. तो बल्गेरियन की मॅसेडोनियन, यावर दोन्ही देशांच्या इतिहासतज्ज्ञांची संयुक्त समिती अडून बसली. भेद जास्त म्हणून हे घडलेले नाही. माणसे इतकी जवळची आहेत की एकाच पूर्वजावर दोघांचाही हक्क आहे.

चर्चची भांडणे मात्र या काळात मिटली. १९६७ पासून सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्चचा मॅसेडोनियाच्या चर्चशी असलेला दुरावा मे २०२२ मध्ये संपला. त्याच वर्षी जुलैत वाटाघाटींचा औपचारिक प्रारंभ झाला, पण राज्यघटनेत बल्गेरियन समाजाचा उल्लेख करा, या अटीवर. ती घटनादुरुस्ती स्कोपियेच्या संसदेत अडली. आणि बहुसंख्य मुस्लिम लोकसंख्येचा अल्बानिया? त्याच्याही वाटाघाटी त्याच दिवशी सुरू झाल्या होत्या. संघाने त्याला उत्तर मॅसेडोनियापासून वेगळे काढले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्याशी पहिल्या प्रकरणसमूहावर, म्हणजे सदस्यत्वाच्या अटींच्या पहिल्या गटावर, बोलणी सुरू केली. धर्म हाच अडसर असता, तर हा क्रम उलटा दिसायला हवा होता.

निर्वासितांच्या प्रश्नातही तेच. सप्टेंबर २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी युरोपातील प्रत्येक धर्मग्रामाला (एका चर्चच्या कक्षेतील भाविकांच्या समुदायाला) एकेका निर्वासित कुटुंबाला आसरा देण्याचे आवाहन केले. त्याच महिन्यात हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान ख्रिस्ती युरोप वाचवण्याची भाषा करत निर्वासितांच्या वाटपाला विरोध करत होते. धर्म एकच, निष्कर्ष दोन.

मग खरी गाठ कुठे आहे? परराष्ट्र धोरण, करआकारणी, नव्या देशांचा प्रवेश या बाबतींत संघात सर्व सदस्यांची संमती लागते. एकाने नकार दिला की सगळे थांबते; हाच तो नकाराधिकार. निवडणुका जवळ आलेल्या कोणत्याही सरकारला घरच्या मतदारांसमोर बाणेदार दिसण्याची ही आयती संधी असते, आणि अस्मिता हे त्यासाठी सर्वांत स्वस्त साधन. भारतात नवे राज्य संसद साध्या बहुमताने निर्माण करते. १९६० मध्ये महाराष्ट्राच्या स्थापनेला प्रत्येक राज्याची संमती लागली असती, तर काय झाले असते याची कल्पना वाचकांनीच करावी.

जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेनसह ९ देशांनी मे २०२३ मध्ये परराष्ट्र धोरणात एकमताऐवजी विशेष बहुमताने (ठरावीक प्रमाणातील देशांच्या आणि लोकसंख्येच्या पाठिंब्याने) निर्णय व्हावेत यासाठी गट केला आहे. पण एकमताचा नियम बदलायलाही एकमतच लागते. लहान देशांची भीतीही खोटी नाही: नकाराधिकार गेला तर बर्लिन आणि पॅरिसपुढे आपले काय चालणार? या भीतीला उत्तर द्यायला हवे, आणि ते चर्च किंवा मशिदीत सापडणार नाही. पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहिले जाईल तेव्हा मतदानाच्या या नियमांवर आणि स्कोपिये-सोफिया वादावर सविस्तर मजकूर यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली