फादर बदलले, नोंदवह्यांचे काय?

संपादक महोदय,

चर्चमध्ये फादरांची बदली झाली की शाल, भाषणे, फोटो सगळे होते. ऑफिसचा ताबा मात्र घाईत उरकतो. लग्नासाठी बाप्तिस्म्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला मागतात. कारण लग्नाची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीतल्या शेऱ्यातही होते, म्हणून ताजा दाखलाच अविवाहित असल्याचा पुरावा. बाप्तिस्मा माझगावचा आणि लग्न वांद्र्याला, तर वांद्र्याहून सूचना माझगावला जायला हवी. बदलीच्या गडबडीत ती खणातच राहते आणि तिकडे माझगावच्या वहीत शेऱ्याचा रकाना कोरा.

म्हणून ताबा देताना बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू या तिन्ही वह्यांतला शेवटचा अनुक्रमांक व न पाठवलेल्या सूचनांची यादी कागदावर उतरवून दोन्ही फादरांनी सह्या कराव्यात. अर्ध्या तासाचे काम! लग्न लावायला पाहुणे फादर येणार असतील, तर नव्या प्रमुख धर्मगुरूंची परवानगी आधी लेखी घ्यावी. बदली झाल्यावर जुन्या फादरांनी दिलेला होकार चालत नाही, आणि परवानगीच नसेल तर चर्चच्या कायद्याने ते लग्न वैध ठरत नाही. आणि हो, फलकावरचा जुना मोबाइल नंबरही त्याच दिवशी पुसावा.

– एक वाचक, वांद्रे