दोन हार्डडिस्क असूनही सहा महिन्यांचा हिशोब गेला

महोदय,

लातूरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानावर मी २६ वर्षांपासून मुनीम आहे. सुरुवातीची वर्षं लाल वहीवर काढली, नंतर कॉम्प्युटर आला. गेल्या दसऱ्यानंतर आमच्याकडे जे घडलं ते यार्डातल्या इतर मुनिमांना आणि पतसंस्था, दूध डेअरी, कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्यांनाही कळावं, म्हणून हे पत्र.

दसरा उलटला की सोयाबीनची आवक वाढते. सौदा निघाला की तोलाई, हमाली, आधीची उचल वजा करून शेतकऱ्याच्या हातात पट्टी द्यायची, आणि पैसे २४ तासांत द्यायचे असा नियमच आहे. अशा ऐन गर्दीच्या दुपारी लाइट दोनदा गेली-आली. यूपीएसची बॅटरी उतरलेली. तिसऱ्यांदा लाइट आली तेव्हा मशीन सुरूच होईना, आतून नुसता टक् टक् आवाज.

मी घाबरलो नाही. मशीन घेतानाच सांगितलं होतं की आत दोन हार्डडिस्क आहेत, एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप लिहिलं जातं, एक गेली तरी दुसरी आहे. शिवाय गुढीपाडव्याला पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवली होती. म्हणजे आमच्या समजुतीप्रमाणे माल तीन ठिकाणी होता.

दुरुस्तीवाला मुलगा तासाभरात आला. मेहनती पोरगा आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याने एकेक टीबीच्या दोन नव्या डिस्क लावल्या, पेनड्राइव्हवरच्या प्रोग्रॅमने इमेज परत टाकायला घेतली, आणि तिथून दोन दिवस आमचं काम हाताने चाललं. पेनड्राइव्हला डिस्क दिसेनात म्हणून त्याने बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ‘रेड’ (डिस्क जोडीने चालवायची पद्धत) काढून ‘एएचसीआय’ (डिस्क सुट्या चालवायची पद्धत) केलं. मग दोन्ही डिस्क सुट्या दिसल्या. एकीवर इमेज उतरवली. मशीन चालू केलं तर निळा पडदा, ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. पुन्हा उतरवली, पुन्हा तेच. इमेजच खराब आहे, असं तो म्हणाला.

रात्री मी पुण्यातल्या भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. तो सर्व्हरचीच कामं करतो. त्याचं पहिलं वाक्य होतं, “मामा, आता कुणालाही कशालाही हात लावू देऊ नका. जुन्या दोन्ही डिस्क बाहेर काढा, मार्करने एक आणि दोन लिहा आणि कपाटात ठेवा.” हे फार मोलाचं ठरलं. कारण दुरुस्तीवाला सकाळी जुनी बरी डिस्क आणि नवी कोरी डिस्क जोडून ‘रीबिल्ड’ (एकीवरचं दुसरीवर उतरवून जोडी पुन्हा बांधणं) दाबणार होता. त्यात कुठली डिस्क कुठलीवर उतरते हे न बघता बटण दाबलं, तर कोरी डिस्क भरलेलीवर चढते आणि दोन्ही कोऱ्या होतात.

मग भाच्याने एकेक गाठ सोडवली. आमचं विंडोज रेडच्या ड्रायव्हरवर (डिस्कशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर) चालत आलं होतं. बायोसमधली ती एक ओळ बदलल्यामुळे त्याला स्वतःचीच डिस्क सापडत नव्हती. इमेज खराब नव्हतीच. रेड परत चालू केलं, दोन्ही नव्या डिस्कचा मिरर, म्हणजे जुळी जोडी, नव्याने बांधला. पण पेनड्राइव्हमध्ये रेडचा तो ड्रायव्हर नव्हता, म्हणून त्याला आता काहीच दिसेना. भाच्याने ड्रायव्हर घातलेला पेनड्राइव्ह तयार करायला लावला. तेव्हा कुठे दोन डिस्कच्या जागी एकच डिस्क दिसली, आणि ती तशीच दिसायला हवी. सुट्या दोन दिसत असतील तर तिथेच थांबायचं. एकीवर लिहिलं आणि दुसरीवर नाही, तर जोडी फुटते. पुढे मशीन कधी इकडून वाचतं, कधी तिकडून, आणि हिशोबाची फाइल नासते.

आता तरी उतरेल म्हटलं, तर ‘जागा अपुरी’ असा निरोप. जुनी डिस्क एक टीबीची, नवीही एक टीबीची! पडद्यावर ९३१ जीबी दिसतंय म्हणून डिस्क बनावट आहे की काय, अशी शंका दुरुस्तीवाल्याने काढली. तसं नव्हतं. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने, एवढाच तो फरक. खरी अडचण अशी की, मिरर आपल्या खुणा डिस्कच्या शेवटच्या भागात लिहून ठेवतो, त्यामुळे वापरायला मिळणारी जागा काही एमबीने कमी भरते. आणि आमची पाडव्याची इमेज मिररची नव्हतीच. एक डिस्क काढून नेऊन तिची पहिल्यापासून शेवटपर्यंत नक्कल केली होती. शेराचं धान्य शेरात मावतं, पण शेराच्या तळाशी आधीच मूठभर काही असेल तर मावत नाही. भाचा म्हणाला, काटछाट करत बसू नका, दोन-दोन टीबीच्या डिस्क आणा. आणल्या, नवा मिरर बांधला, इमेज उतरली. पहाटे चारच्या सुमारास आमच्या दुकानाचं नाव पडद्यावर आलं तेव्हा शेठनी मला चहा स्वतः ओतून दिला.

सकाळी खातं उघडलं, तर शेवटची नोंद पाडव्याची.

इमेज पाडव्याची, म्हणून ते समजलं. पण कपाटात ठेवलेली दुसरी जुनी डिस्क? भाच्याने ती सुटी जोडून, फक्त वाचायला उघडली. तिच्यावरही पाडवाच. कारण तेव्हा कळलं. पाडव्याला मुहूर्ताचे सौदे असल्याने काम थांबवता येत नव्हतं. म्हणून मशीन एका डिस्कवर चालू ठेवून दुसरी इमेज काढायला नेली आणि संध्याकाळी परत बसवली. परत बसवलेली डिस्क रीबिल्ड करून जोडीत घ्यावी लागते. ते राहून गेलं. त्या दिवसापासून एकच डिस्क लिहीत होती, दुसरी नुसती फिरत होती. मशीन सुरू होताना रोज दोन सेकंद रंगीत अक्षरांत ‘डिग्रेडेड’ येत होतं. सहा महिने मी ते बघत होतो. मला वाटायचं, मशीन जुनं झालंय असं ते सांगतंय. ते सांगत होतं की जोडीतली एक डिस्क कामात नाही.

मेलेल्या डिस्कवरून माहिती काढून देण्याचा जो खर्च सांगितला गेला, तो आमच्या दुकानाला झेपणारा नव्हता. मग पट्टीबुकांच्या कार्बन प्रती काढल्या आणि १९ रात्री बसून नोंदी पुन्हा केल्या. त्याच दिवसांत रेणापूर तालुक्यातल्या एक मावशी आल्या. मालक वारलेले, दिरांशी वाटणीचा वाद, वैशाखात हरभऱ्याचे किती कट्टे घातले होते ते हवं होतं. कार्बन पुसट झालेला. मी तो उन्हाकडे धरला, भिंग लावलं, तरी आकडा ११ आहे की १७ हे सांगू शकलो नाही. चूक त्यांची काहीच नव्हती. त्यांच्या नवऱ्याचा माल आमच्या भरवशावर आमच्या खात्यात लिहिलेला होता.

मिररची युक्ती वाईट नाही. ‘रेड’ हे नाव १९८८ साली बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या निबंधातून आलं, असं भाच्याने सांगितलं. एक डिस्क मेली तरी काम अडू नये, यासाठी ती आहे. पण आपण चुकून खातं पुसलं तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी पुसलं जातं. व्हायरस शिरला तर दोन्हीकडे शिरतो. त्यामुळे रोजची वेगळी नक्कल लागतेच, आणि ती दुकानाबाहेर.

बाजार समितीला माझी विनंती आहे की हंगामापूर्वी, मृगाच्या आसपास, आडत्यांना एक दिवस सांगावा आणि त्या दिवशी प्रत्येकाने आपली इमेज वेगळ्या डिस्कवर उतरवून मशीन खरोखर चालू होतं का ते बघावं. जुळ्या डिस्कची मशीन विकणाऱ्यांनी बायोसमध्ये कुठला मोड आहे, कुठली डिस्क कुठल्या जागी आहे हे बिलावर लिहावं आणि ड्रायव्हर घातलेला पेनड्राइव्ह सोबत द्यावा. दहा मिनिटांचं काम आहे.

हे सगळं मी एका कागदावर लिहून मशीनच्या झाकणाला आतून चिकटवलंय. वरच मोठ्या अक्षरांत ‘डिग्रेडेड दिसलं की त्याच दिवशी फोन करणे’. यार्डातल्या कुणाला उतरवून घ्यायचं असेल त्याने दुपारी सौदे उरकल्यावर यावं.

— आडत दुकानातील एक मुनीम, मार्केट यार्ड, लातूर