लिमच्या गुरूचं नाव का गाळलंत?

महोदय,

रविवारच्या पुरवणीत दक्षिण कोरियाचा तरुण पियानोवादक युनचान लिम याच्यावर अख्खं पान दिलंत. मराठी वृत्तपत्रात पियानोला एवढी जागा मिळाली याचा मला मनापासून आनंद झाला. पण लेख वाचून संपला तेव्हा संताप आला, आणि तो काल दिवसभर गेला नाही, म्हणून लिहिते आहे. पानभर ‘चमत्कार’, ‘दैवी देणगी’, ‘जादुई बोटं’ असं सगळं आहे. त्याचे गुरू मिन्सू सोन यांचं नाव मात्र एकदाही नाही.

लिमबद्दल लिहायचं आणि सोन यांना गाळायचं, हे होऊच कसं शकतं? हा मुलगा सातव्या वर्षी घराजवळच्या क्लासमध्ये पियानो शिकायला लागला. पुढे सोलच्या आर्ट्स सेंटरच्या संगीत अकादमीत गेला. तेराव्या वर्षी कलेत विशेष गती असलेल्या मुलांच्या राष्ट्रीय संस्थेत त्याला प्रवेश मिळाला आणि तिथे सोन भेटले. तेव्हापासून तो त्यांच्याकडेच शिकत आला.

२०२२ साली अमेरिकेतल्या व्हॅन क्लायबर्न पियानो स्पर्धेत १८व्या वर्षी त्याला सुवर्णपदक मिळालं. अंतिम फेरीतल्या राखमानिनोव्हच्या तिसऱ्या कॉन्चेर्तोबद्दल (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेबद्दल) तुम्ही भरभरून लिहिलंत. पण त्याआधी उपांत्य फेरीत त्यानं संगीतकार फ्रांझ लिस्टचे बाराही ट्रान्सेंडेंटल एट्यूड (हाताचं कसब घडवणाऱ्या अवघड रचना) सलग वाजवले होते, तासाभराहून जास्त वेळ. हे कुठून आलं? सोन हे बोस्टनचे पियानोवादक रसेल शर्मन यांचे शिष्य, आणि शर्मन यांचं नाव लिस्टच्या याच एट्यूडसाठी आदरानं घेतलं जायचं. शर्मन शिकले एडवर्ड स्टॉयरमान यांच्याकडे आणि स्टॉयरमान थोर पियानोवादक बुसोनींकडे. आपण ज्याला घराणं म्हणतो, ते याहून वेगळं काय असतं? शर्मन सप्टेंबर २०२३ मध्ये वारले. नातशिष्याचं वादन जगभर गाजतंय आणि तुमच्या पानावर आजोबागुरूंचा उल्लेखसुद्धा नाही.

सोन बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्वेटरी या संगीत महाविद्यालयात शिकवायला गेले, तेव्हा हा मुलगा त्यांच्यामागोमाग तिथे गेला. सुवर्णपदक गाठीशी असताना, मोठमोठ्या वाद्यवृंदांची बोलावणी येत असताना, पुन्हा विद्यार्थी म्हणून! तुमच्या लेखात एवढंच आहे की ‘सध्या त्याचं वास्तव्य बोस्टनमध्ये आहे’. तो तिथे का गेला, हेच तर सांगायला हवं होतं.

एखाद्या गायकाबद्दल तुम्ही असं केलं नसतंत. पं. भीमसेन जोशी म्हटलं की सवाई गंधर्व आलेच. १९५३ पासून पुण्यात जो महोत्सव चालतो त्याला नाव गुरूचं आहे. किशोरीताईंबद्दल लिहिताना मोगूबाईंना कुणी विसरत नाही. पियानोच्या बाबतीत मात्र समजूत अशी की पोरगं बाकावर बसतं आणि बोटं आपोआप पळायला लागतात.

मला हे इतकं का लागलं, तेही सांगते. पियानो शिकवण्यातच माझं आयुष्य गेलं. माझी एक विद्यार्थिनी डोंबिवलीहून यायची. घरी पियानो घ्यायला पैसे नव्हते आणि ठेवायला जागाही नव्हती. साध्या कीबोर्डवर सुरावट पाठ होते, पण पियानोच्या कळेचं वजन बोटांना कळत नाही. म्हणून ती पहाटेची लोकल पकडून यायची, माझ्या जुन्या अपराइटवर (उभ्या पियानोवर) रियाज करायची आणि मग कॉलेजला जायची. संगीतकार शोपँच्या ऑपस १० या संचातला दुसरा एट्यूड, उजव्या हाताच्या शेवटच्या तीन दुबळ्या बोटांची परीक्षा पाहणारा, तिनं कित्येक महिने संथ लयीत घोटला. तिचं पहिलं एकल वादन ठरलं तेव्हा एका दैनिकाचा बातमीदार भेटायला आला. तिनं त्याला सगळं सांगितलं. छापून आलं ते असं : ‘यूट्यूब पाहून पियानो शिकली डोंबिवलीची कन्या’!

माझं नाव नव्हतं याचं मला वाईट वाटलं, का वाटू नये? पण ती पोर कात्रण हातात घेऊन माझ्या दारात रडत उभी होती, ते मी आजही विसरलेले नाही. तिची पहाटेची लोकल, तिच्या आईनं पोटाला चिमटा काढून भरलेली फी, सगळं त्या एका ओळीनं पुसून टाकलं. आम्ही पत्र पाठवलं, दुरुस्ती छापली गेली नाही. त्यानंतर माझ्याकडे पालक यायचे ते विचारत, ‘यूट्यूबवर येतं म्हणतात, मग क्लासला इतकी वर्षं कशाला लागतात? तीन महिन्यांत स्टेजवर बसवाल का?’

२१ फेब्रुवारी २०२४ ला लिमनं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा एकल वादन केलं, हे तुम्ही ठळक चौकटीत दिलंत. पण त्यानं वाजवलं काय? शोपँचे ऑपस १० आणि ऑपस २५, मिळून २४ एट्यूड, एकाच कार्यक्रमात. पहिला संच १८३३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा शोपँ स्वतः २३ वर्षांचा होता आणि तो त्यानं लिस्टला अर्पण केला होता. पियानो शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी शिक्षकासमोर बसून हे एट्यूड चुकत चुकत वाजवतो. तेच घेऊन एकोणीस वर्षांचा मुलगा कार्नेगीच्या मंचावर गेला! हे एक वाक्य चौकटीत सहज मावलं असतं. त्याऐवजी तिथे त्याच्या केसांचं वर्णन आहे.

आणखी एक. छायाचित्र उलटं छापलं आहे. ग्रँड पियानोचं झाकण वादकाच्या उजव्या बाजूला उघडतं. तुमच्या चित्रात ते डावीकडे उघडलंय आणि खर्जाच्या कळा उजव्या हाताखाली आल्या आहेत. छापण्याआधी कुणा पियानोवाल्याला एकदा दाखवलं असतं तरी पुरलं असतं.

लिमच्या पुढच्या कार्यक्रमाचा वृत्तांत द्याल तेव्हा छायाचित्र सुलट छापा, वादन कसं झालं ते जाणकाराकडून लिहून घ्या आणि मिन्सू सोन यांचं नाव पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या.

– एक पियानो शिक्षिका, विलेपार्ले (पूर्व)